तीन दिवस तोच आकडा

मिसच्या लॅबच्या दारात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. आत शिरण्याआधी घड्याळ, अंगठी, बांगडी, गळ्यातली चेन, सगळं त्या डब्यात काढून ठेवायचं. एकदा दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक म्हणून आलेल्या बाईंपुढेही मिसनी तो डबा धरला. बाईंचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला. मिस शांतपणे म्हणाल्या, "वीज सौभाग्य बघत नाही, मॅडम." बाईंनी तोंडी परीक्षा व्हरांड्यात टेबल टाकून घेतली, पण मंगळसूत्र काढलं नाही आणि मिसनीही त्यांना आत घेतलं नाही.

आमचा विभाग बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा. हॉस्पिटलात माणसाच्या अंगाला जी मशीनं लागतात ती कशी बनतात, कशी बिघडतात, कशी तपासायची, हे आम्ही शिकत होतो. वर्गात शिकवणारे सगळे सर आणि मॅडम होते, पीएचडीवाले. मिसकडे जुना डिप्लोमा आणि हॉस्पिटलांमध्ये मशीनं दुरुस्त करण्याची तीस वर्षं होती. निवृत्तीनंतर त्या कंत्राटावर लॅब शिकवायला आल्या होत्या. गिरगावातल्या एका वाडीत वाढलेल्या, जुन्या मुंबईच्या कॅथलिक घरातल्या. गुडघ्याखाली जाणारा फ्रॉक, त्यावर खाटेच्या गादीच्या कापडाचा स्वतः शिवलेला एप्रन आणि पायात रबरी तळव्यांचे पांढरे बूट. त्या बुटांची फरशीवर करकर ऐकू आली की बोलत असलेला गप्प व्हायचा आणि गप्प असलेला कामाला लागायचा.

त्यांची अर्धी भाषा मासळीबाजारातली होती. तारा जोडताना वितळवून लावलेलं सोल्डर नीट बसलं नाही, मऊ आणि मळकट राहिलं, की त्या जोडाला त्या 'बोंबील' म्हणायच्या. नीट बसला तर 'पापलेट'. बिघडलेले जोड त्या कापून घ्यायच्या आणि खिडकीच्या गजांना दोरा बांधून, रोल नंबराच्या चिठ्ठीसकट, सुकत घातल्यासारखे लटकवायच्या. पहिल्या महिन्यात त्या दोऱ्यावर माझे अकरा बोंबील होते. मी बारावीला पहिली आलेली, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत जिचं नाव फलकावर लागलेलं अशी मुलगी. मला ते फार लागलं.

"मिस, पण चालतंय ना," मी एकदा म्हटलं. खरंच चालत होतं. दिवा लागत होता.

"चालतंय?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "घोडा चालतो गो. मशीन बरोबर असतं नाहीतर चूक असतं. परत कर."

'परत कर' हे त्या दिवसातून शंभरदा म्हणत. आवाज चढत नसे. चढला असता तर बरं वाटलं असतं. तारेवरचं प्लास्टिक आतल्या तांब्याला ओरखडा न पाडता सोलायला त्यांनी आम्हाला दोन आठवडे लावले होते. मग डोळ्यांना रुमाल बांधून, वीस स्क्रूंतला सैल स्क्रू बोटांनी शोधायला लावलं. मुलं हसायची. घोडपदेवच्या स्नेहलने मात्र पहिल्याच दिवशी तो स्क्रू शोधला. तिचे वडील गिरणीत होते, मग घड्याळं दुरुस्त करू लागले. हात तिला घरातूनच मिळाले होते. माझी ती जवळची मैत्रीण. मला थिअरी यायची, तिला हात यायचे, आणि आमची जोडी मिसनीच लावून दिली होती.

मिस इतक्या कडक का, याच्या बऱ्याच गोष्टी कॉलेजात होत्या. कुणी म्हणे, त्यांच्या हातून एक पेशंट गेला. कुणी म्हणे, सख्खा भाऊ शॉक लागून गेला. एकदा एका मुलाने धीर करून विचारलं. मिस जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर उभ्या राहून पाव खात होत्या. उभ्यानेच खायच्या, रोज साडेबाराला.

"कोण गेला नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत माझ्या मशीनने कुणाला मुंगी चावली नाही. ते काय नशीब वाटलं तुला? रोज घाबरून काम केलं म्हणून."

तो मुलगा जरा निराशच झाला.

दुसऱ्या वर्षी त्या आम्हाला परळच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेल्या होत्या. अतिदक्षता विभागात आम्ही भिंतीला चिकटून उभे. अचानक एका खाटेवरचा मॉनिटर ठणाणा करू लागला आणि त्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ सरळ झाली. आमच्यातली एक मुलगी रडायलाच लागली, मी "सिस्टर, सिस्टर" ओरडत दाराकडे पळाले. मिसनी माझा दंड धरला. इतका घट्ट की संध्याकाळी तिथे निळं झालं होतं.

"पडद्याला काय बघतेस? माणसाला बघ."

खाटेवरचे आजोबा मांडीवर ताट घेऊन खिचडी खात होते आणि आमच्याकडे वैतागून बघत होते. त्यांच्या छातीवरचा तारेचा एक चिकट पॅच सुटला होता. मिसनी त्यांना विचारून तो परत चिकटवला, रेघ नाचायला लागली आणि आजोबा म्हणाले, "लिंबाचं लोणचं मिळेल का जरा?" सगळे हसलो. मिस हसल्या नाहीत. माझा दंडही त्यांनी जरा उशिराच सोडला.

हे सगळं सांगितलं म्हणजे मी त्यांची लाडकी होते असं वाटेल. मी नव्हते. मी चलाख होते, आणि चलाख मुलांवर त्यांचा विश्वास नव्हता. पुढे जे झालं त्यात त्या बरोबर निघाल्या.

तिसऱ्या वर्षी आम्हा दोघींचा प्रकल्प होता ईसीजीचं छोटं मशीन. मनगटांना आणि पायाला पॅच लावायचे आणि हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवायचे. मिस म्हणाल्या, माणसाच्या अंगाला लावायचं ते बॅटरीवर चालवा. पण विभागाची पाहणी करायला बाहेरून तीन जणांची समिती येणार होती, आणि विभागप्रमुखांना आमचं मशीन सभागृहात दिवसभर चालू हवं होतं. बॅटरी तेवढी टिकत नव्हती. शेवटी भिंतीतल्या विजेवर चालवायचं ठरलं. मिसनी एक अट घातली. विजेवरच्या कुठल्याही मशीनच्या पत्र्यावर थोडी वीज झिरपतच असते. ती किती झिरपते ते तीन दिवस रोज सकाळी मोजायचं, शाईने कागदावर लिहायचं आणि त्यांची सही घ्यायची. ते काम माझं. स्नेहलकडे पडद्याचं काम होतं.

पहिल्या दिवशी मी मोजलं. अडतीस मायक्रोअँपिअर. मर्यादेच्या पुष्कळ आत. मिसनी बघितलं, सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस चुकली, त्यात भाषण पाठ करायचं होतं. मशीन काल तेच होतं, आज तेच आहे, म्हणून मी लिहिलं, अडतीस. मिस कुठल्याशा मीटिंगला निघाल्या होत्या. त्यांनी चालता चालता सही केली. त्या संध्याकाळी मशीनचं एक बटण सैल वाटलं म्हणून मी त्याचा पत्र्याचा डबा उघडला, बटण आवळलं आणि झाकण घाईघाईने परत बसवलं. एक स्क्रू जात नव्हता. जरा जोर लावला, गेला.

तिसऱ्या दिवशी समितीच्या स्वागताची धावपळ होती. मिसना सभागृहात खुर्च्या लावायला पाठवलं होतं, याचा त्यांना संताप आला होता. मी कागद त्यांच्यापुढे धरला. अडतीस. त्यांनी सही केली, आणि कागद मला परत न देता घडी घालून एप्रनच्या खिशात टाकला.

अकरा वाजता समिती आली. पहिल्या रांगेत तिघं, बाजूला विभागप्रमुख, मागे आमचा सगळा वर्ग. स्टेजवर लोखंडी खुर्चीत स्नेहल बसली होती, दोन्ही मनगटांना आणि उजव्या पायाला पॅच. तिने नवा कुर्ता घातला होता. आईला तिने सांगितलं होतं, आज माझं काळीज मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. मी भाषण केलं. चांगलं झालं. टाळ्या वाजल्या.

"करा सुरू," विभागप्रमुख म्हणाले.

मी बटणाकडे हात नेला आणि सभागृहाच्या मागच्या बाजूने करकर ऐकू आली. लॅबमध्ये कुणी भरभर चाललं तरी हटकणाऱ्या मिस पळत येत होत्या. एका हातात तो कागद, चष्मा नाकावर घसरलेला. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. सरळ भिंतीपाशी गेल्या, एक्स्टेंशन बोर्डातला आमचा प्लग उपटला आणि तो हातातच धरून ठेवला.

"स्नेहल, पॅच काढ."

"मॅडम, हे काय चाललंय?" विभागप्रमुख उठून उभे राहिले.

"हे सुरू होणार नाही, सर."

"का?"

"तपासलेलं नाही."

विभागप्रमुखांनी त्यांच्या हातातला कागद घेतला. वाचला. समितीतल्या एका गृहस्थांनी तो मागून घेऊन वाचला. "इथे तर तीन दिवसांची नोंद दिसते," ते सौम्यपणे म्हणाले. "सगळं मर्यादेत आहे. तुमचीच सही आहे ना ही?"

"तीन दिवस तोच आकडा आहे, साहेब. अडतीस, अडतीस, अडतीस. हवा बदलते, व्होल्टेज बदलतं, आकडा इकडचा तिकडे होतो. मीटर कधी एवढा आज्ञाधारक नसतो."

मिसनी माझ्याकडे पाहिलं. मला अजून ती नजर सांगता येत नाही. राग नव्हता त्यात. त्या वाट बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं मला, फार तर चार शब्दांचं. मी स्टेजच्या लाकडातल्या एका खिळ्याकडे बघत राहिले.

"मग सही कशी केलीत?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"न वाचता केली," मिस म्हणाल्या. "चूक माझी."

समितीतल्या तिघांनीही आपापल्या वहीत काहीतरी लिहिलं. पुढचा कार्यक्रम झाला. मी कुणाशी काय बोलले ते आठवत नाही.

दुपारी मिसनी मला एकटीला लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर आमचं मशीन आणि शेजारी स्क्रू ड्रायव्हर होता.

"उघड."

झाकण निघालं. त्या न जाणाऱ्या स्क्रूखाली विजेची लाल तार चेपली गेली होती. प्लास्टिक कापलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. पत्र्यापासून केसभर अंतरावर. त्याच पत्र्याला आतून स्नेहलच्या पायावरची तार जोडलेली होती. मशीन कुणी जरा सरकवलं असतं, टेबलाला धक्का लागला असता, तरी पुरे होतं.

"तरी अर्थिंग असतं ना मिस," मी म्हटलं. "फ्यूज उडाला असता."

"सभागृहातला तो बोर्ड मी आता तपासून आले. अर्थिंगची तार जोडलेलीच नाही. भोक आहे नुसतं." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. लॅबमध्ये बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. "एक चूक माफ असते गो. दोन चुकांची गाठ पडली की माणूस जातो. हा अडतीस कुठून आणलास?"

"पहिल्या दिवशीचा."

"हं. तू न मोजता लिहिलास, मी न वाचता सही केली. आपण दोघी सारख्याच."

मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी मला आपल्या रांगेत बसवलं, ते सहन होईना. मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि रडून झाल्यावर लाल तार बदलायला लावली. जोड बोंबील झाला. "परत कर," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी कळलं की मिसचं कंत्राट सत्र संपल्यावर वाढवणार नाहीत. वर्गात कुजबुज झाली, 'म्हातारी समितीसमोर बरळली', 'विभागाची लाज काढली'. मी ऐकून घेतलं. रोज ठरवायचे, आज सरांना जाऊन सांगते. रोज काहीतरी कारण सापडायचं. कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले होते. बाबा ऑफिसातून येताना माझ्यासाठी फॉर्म घेऊन येत होते.

एका रविवारी शेवटी मी गिरगावला गेले. वाडीतलं लाकडी जिन्याचं घर. मिस ओट्याजवळ पाटावर बसून विळीवर मांदेली साफ करत होत्या. तो गादीच्या कापडाचा एप्रन घरीही होताच. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"माफी मागायला आलीस?"

"हो, मिस."

"बस." त्यांनी चार मांदेल्या साफ केल्या. मी हजारदा घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. बस, भाषण, अडतीस, तो खिळा. त्या ऐकत होत्या, हात थांबला नाही. मग विचारलं, "स्नेहलला सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तिला माहीत नाही?"

"तिला वाटतं की तुम्ही... म्हणजे तपासणी राहिली होती एवढंच."

त्यांनी विळी आडवी केली. तेवढी एकदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "मग इथे काय करतेस? वीज माझ्या अंगातून जाणार होती काय? खुर्चीत मी बसलेली? जा. आत्ता जा."

मला वाटतं मी पाणीही प्यायले नाही. तिथून घोडपदेवला गेले. स्नेहलच्या चाळीच्या गॅलरीत तिची आई पापड उचलत होती. ऊन कललं होतं. आई आत गेल्यावर मी स्नेहलला सांगितलं, तार, स्क्रू, बोर्ड, सगळं. ती ऐकता ऐकता डाव्या मनगटावर अंगठा घासत राहिली, जिथे पॅच लावला होता तिथे.

"तुला माहीत होतं मोजलं नाहीये," ती म्हणाली. "आणि तू बटणाला हात घातलास."

"मला वाटलं काही होणार नाही."

"मी बसले होते गं तिथे."

"स्नेहल..."

"आई बाहेर यायच्या आत जा. तिच्यासमोर मला हे बोलायचं नाही."

मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर उभी होती. माझ्याशी बोलली नाही, नुसता कोरा कागद आणि पेन पुढे केलं. मी तिथेच, भिंतीला कागद लावून, लिहिलं. ती माझ्यामागून केबिनमध्ये आली आणि मी वाचून दाखवत असताना शेवटपर्यंत उभी राहिली. विभागप्रमुखांनी कागद हातात घेतला. मग त्यांनी मला विचारलं, "आत्ताच का?" स्नेहलने सांगितलं, "सर, तो बोर्ड अजून तसाच आहे."

माझे प्रकल्पाचे गुण रद्द झाले. पुढच्या सत्रात खालच्या वर्गाबरोबर लॅब पुन्हा करायची, असं ठरलं. त्या वर्षीचे इंटरव्ह्यू गेले. बाबा दोन दिवस जेवताना मान वर करून बघत नव्हते. सत्र संपल्यावर मिसना परत बोलवायला विभागप्रमुखांनी स्वतः फोन केला. त्या लगेच आल्या नाहीत. म्हणाल्या, सगळ्या इमारतीचं वायरिंग तपासा, कागद दाखवा, मग बघू. कागद मिळायला अडीच महिने लागले. तो त्यांनी चष्मा लावून, एकेक ओळ बोट ठेवून वाचला, चार ठिकाणी खुणा केल्या आणि परत पाठवला. चारही दुरुस्त झाल्यावर त्या आल्या.

मी माझ्याहून एका वर्षाने लहान मुलांच्या बाकावर बसले. मशीन नव्याने बांधलं. तीन दिवस मोजलं. सदतीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस. मिसनी प्रत्येक दिवशी माझ्या आकड्यावर सही करण्याआधी मीटर स्वतः लावून बघितलं. शेवटच्या दिवशी मशीन माणसाला लावायचं होतं. कुठूनशी स्नेहल येऊन दारात उभी राहिली होती. घड्याळ तिच्या हातातच होतं, म्हणजे आत यायचा विचार नव्हता. गॅलरीतल्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

"बसतेस?" मिसनी तिला विचारलं.

"नाही, मिस."

मिसनी मान हलवली. तिला समजवायला गेल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "मग स्वतःला लाव."

मी चपला बाजूला ठेवून खुर्चीत बसले. दोन्ही मनगटांना पॅच लावले, पायाला लावला. आकडे मला पाठ होते. मशीनचा डबा मी तीनदा उघडून पाहिला होता, प्रत्येक तार बोटांनी चाचपली होती. तरी बटणापाशी गेलेला हात तिथेच राहिला. समोरची वीस मुलं बघत होती. मिसनी घाई केली नाही. दारातली स्नेहल भिंतीचा आधार सोडून सरळ उभी राहिलेली मला दिसली. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर रेघ नाचत होती. दाट, घाईघाईने.

मिस भिंतीवरच्या घड्याळात बघून ओठ हलवत ठोके मोजत होत्या. पंधरा सेकंदांचे मोजून त्यांनी चाराने गुणले.

"एकशे सोळा," त्या म्हणाल्या. मग वाकून माझ्या मनगटावरचा पॅच नीट बसलाय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं. "घाबरलीस गो. चांगलं आहे. आता दुसऱ्याला लावशील तेव्हा पण एवढीच घाबर."